पहिली डर्ट बाईक घेताय? सीसी नव्हे, वजन बघा!

बजेट दीड लाखाच्या आत आणि मातीत गाडी चालवायला शिकायचंय? मग आधी सीसी नाही, वजन विचारा. नवशिका चिखलात पडणारच; प्रश्न एवढाच, की गाडी एकट्याला उचलता येईल का? हिमालयन 411चं वजन 199 किलो, हीरो एक्सपल्स 200 फोर-व्हीचं सुमारे 158. शिवाय एक्सपल्सला पुढे 21 इंची चाक आणि 220 मिमी ग्राउंड क्लिअरन्स आहे. शिकायला एवढं पुरेसं आहे. कावासाकी केएक्ससारख्या निव्वळ डर्ट बाईकची आरटीओत नोंदणीच होत नाही, म्हणजे ट्रेलपर्यंत न्यायला टेम्पोचं भाडं आलंच. त्यापेक्षा चेसी सरळ असलेली सेकंडहँड एक्सपल्स घ्या आणि वाचलेले पैसे हेल्मेट, बूट, नी-गार्डवर घाला. क्लच लिव्हर तुटला तर नवा मिळतो, गुडघा मिळत नाही.