रिंगोचं काय चुकलं?

गेल्या वर्षी गणपतीचा कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळल्या, उरलेला मसालेभात ज्याच्या त्याच्या डब्यात गेला आणि हॉलची किल्ली परत करायला वीस मिनिटं उरलेली असताना वाद पेटला. विषय राजकारण नव्हता, क्रिकेटही नव्हतं. विषय होता रिंगो स्टार!

मर्सी नदीच्या या काठावर राहणाऱ्या माणसाला बीटल्स टाळता येत नाहीत. आपले एक ज्येष्ठ डॉक्टरकाका (गाण्याचा कान तयार, जीभ त्याहून तयार) म्हणाले, "रिंगो म्हणजे लॉटरी लागलेला माणूस. तीन प्रतिभावंतांच्या मागे जाऊन बसला आणि कोट्यधीश झाला. अहो, जॉन लेननच म्हणाला होता की जगातला सोडा, हा बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नाही!" सगळे हसले. मीही हसलो, हे आधी कबूल करतो.

घरी जाताना गाडीत माझी मुलगी गप्प होती. ती शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवते. बोगदा ओलांडल्यावर म्हणाली, "बाबा, म्हणजे ड्रम्स वाजवणं सेकंड क्लास असतं का?" त्या प्रश्नाला गाडीत मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे. डॉक्टरकाकांनी राग मानू नये, किंवा मानावा.

पहिली गोष्ट म्हणजे तो विनोद लेननचा नाहीच. बीटल्सचे इतिहासकार मार्क लुइसन यांनी त्याचा माग काढला, तो पोचला 1981 सालच्या बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमापर्यंत. लेननचा खून झाला 8 डिसेंबर 1980 रोजी. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं आणि त्याच्याच मित्राला त्या वाक्याने मारायचं, असा हा प्रकार आहे. लेनन खरं काय म्हणाला ते 1980 च्या त्याच्या शेवटच्या मोठ्या मुलाखतींपैकी एकीत छापलेलं आहे. आमची गाठ पडण्याआधीच रिंगो लिव्हरपूलमध्ये नाव कमावून होता, असं त्याने सांगितलं आणि तो उत्तम ड्रमर असल्याचंही सांगितलं. खरंच आहे. रोरी स्टॉर्मचा बँड तेव्हा बीटल्सपेक्षा मोठा मानला जाई, आणि रिंगो त्यातून आला होता. लॉटरी लागली असेल तर ती दोन्ही बाजूंना लागली.

त्याचा बीटल म्हणून पहिला कार्यक्रम झाला 18 ऑगस्ट 1962 रोजी पोर्ट सनलाइटच्या ह्यूम हॉलमध्ये. म्हणजे आपल्या विरलमध्येच. ज्या सनलाइट साबणाची वडी आपल्या आज्यांच्या मोरीत असायची, त्या साबणाच्या कारखान्याचं हे गाव. पुढच्या काही दिवसांत कॅव्हर्न क्लबमध्ये आधीच्या ड्रमरच्या, पीट बेस्टच्या चाहत्यांनी रिंगोविरुद्ध घोषणा दिल्या. त्या हाणामारीत जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. थोडक्यात, रिंगोवरचा वाद साठ वर्षांहून जुना आहे आणि आपला हॉल त्यातला अगदी अलीकडचा आखाडा.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे. 4 सप्टेंबर 1962 ला 'लव्ह मी डू'चं ध्वनिमुद्रण झालं आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ड्रमिंग पसंत पडलं नाही. आठवड्याने अँडी व्हाइट हा व्यावसायिक ड्रमर बोलावला गेला आणि रिंगोच्या हातात टॅम्बोरिन दिली गेली. मान्य. 1968 च्या ऑगस्टमध्ये रिंगो चिडून बँड सोडून गेला, तेव्हा दोन गाण्यांचे ड्रम्स पॉल मॅकार्टनीनेच सांभाळले. तेही मान्य. पण तो दोनेक आठवड्यांनी परतला तेव्हा त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवलेला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याच्यासाठी फुलं कोण आणतं?

रिंगोला झटपट, गुळगुळीत रोल जमत नाहीत असंही म्हणतात. याची गंमत बघा. तो जन्माने डावखुरा. आजीने दटावून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. (डाव्या हाताने जेवलात तर आपल्याकडेही आजी फटका द्यायचीच ना?) मोठेपणी तो बसला उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर आणि सुरुवात करू लागला डाव्या हाताने. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात दुसऱ्यांसारखा सरळ वाहत नाही. मध्ये किंचित अडतो आणि वेगळ्याच वाटेने उतरतो. ज्याला लोक दोष म्हणतात, ती त्याची सही आहे. 'कम टुगेदर' ऐका. 'अ डे इन द लाइफ'मध्ये गाणं थांबतं तिथे तो बोलतो, आणि गाणं बोलतं तिथे तो थांबतो. फिल कॉलिन्ससारख्या ड्रमरने त्या तुकड्यांची तारीफ केली आहे. 1966 च्या 'रेन'मधलं वाजवणं रिंगोला स्वतःला आपलं सर्वांत चांगलं वाटतं. त्याच वर्षीच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये तो एकच ठेका शेवटपर्यंत धरून बसतो. ध्वनिमुद्रकाने त्याच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला होता, आवाज घट्ट यावा म्हणून. त्या ठेक्यावर बाकी सगळं गाणं वेड्यासारखं उडत असतं. तो हलला असता तर गाणं कोसळलं असतं.

विलंबित ख्यालाच्या मागे ठेका धरून बसणं किती कठीण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. थिरकवाँसाहेबांच्या सोलोवर लोक जीव टाकत, पण तेच खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत बसत. त्यांना कोणी 'नशीबवान' म्हटलं नाही. मग रिंगोलाच का?

बीटल्सच्या 1966 च्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममध्ये जॉर्जच्या एका गाण्याला तबला आहे. वाजवणाऱ्याचं नाव अनिल भागवत. ते वेष्टनावर छापलेलं आहे. त्या गाण्यात रिंगो ड्रम्सवर नाही, नुसती टॅम्बोरिन वाजवतो आणि तबल्याला जागा करून देतो. लंडनमधल्या एका परक्या तबलजीचं नाव जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बँडने छापलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घराचंही बघा. लेनन आणि मॅकार्टनीची लहानपणची घरं नॅशनल ट्रस्टकडे आहेत, तिकीट काढून दाखवली जातात. आपण सगळ्यांनी पाहुण्यांना नेलं आहे. रिंगोचं जन्मघर, डिंगलमधलं 9 मॅड्रिन स्ट्रीट, आजूबाजूच्या रस्त्यांसकट पाडायची योजना होती. तो तिथे लहानपणी थोडीच वर्षं राहिला, असं कारण सांगितलं गेलं. चाहते आणि रहिवासी भांडले, 2012 मध्ये काही घरांना जीवदान मिळालं आणि 2015 मध्ये सरकारने पाडापाडी नाकारली. अर्थात रिंगोही काही साधुसंत नाही. 2008 मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हा सोहळ्यात वाजवून गेला आणि लगेच टीव्हीवर म्हणाला की त्याला या शहराची आठवण वगैरे येत नाही. चिडून कोणीतरी साउथ पार्कवे स्टेशनवरच्या झुडपाच्या बीटल्समधल्या रिंगोचं मुंडकं छाटलं. बोलायचं नव्हतं त्याने. पण त्यावरून त्याचा हात वाईट ठरत नाही.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. दोन वर्षांपूर्वी आपल्या भावगीतांच्या कार्यक्रमात निवेदकाने गायिकेची ओळख सात मिनिटं करून दिली. हार्मोनियमवाल्यांना दोन वाक्यं मिळाली. लीड्सहून पावसात गाडी चालवत आलेल्या आणि रंगीत तालीम न करता अठरा गाणी सांभाळलेल्या तबलजींचं नाव घ्यायचंच राहिलं. कार्यक्रमपत्रिकेवर 'तबला साथ' एवढंच छापलेलं होतं. ते काही न बोलता डग्गा गवसणीत घालून निघून गेले. त्या निवेदकाला मी चांगला ओळखतो, कारण तो मीच होतो. मुलीला गाडीत उत्तर देता आलं नाही त्याचं कारण हेच.

कार्यकारिणीला माझी लेखी विनंती गेली आहे. यंदाच्या दिवाळीच्या पत्रिकेत साथीदारांची नावं गायकांच्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत आणि डग्ग्याला वेगळा माइक द्यावा. लीड्सला फोन मी स्वतः केला आहे. ते येतो म्हणाले. डॉक्टरकाकांसाठी पहिल्या रांगेत, तबल्याच्या अगदी समोरची खुर्ची राखून ठेवली आहे.