शकुंतलेच्या स्टेशनात मुशायरा का होऊ नये?

मागच्या ईदला शेलूबाजारला घरी आलो, तेव्हा चुलतभावाला घेऊन कारंजा लाडचं जुनं स्टेशन पाहायला गेलो. दादीच्या तोंडून शकुंतला रेल्वेच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. आता रूळ गवतात बुडालेत, तिकिटाची खिडकी बंद आहे.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी ही नॅरोगेज लाइन टाकली. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत इथे धावलं. देश स्वतंत्र झाला, तरी लाइनची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. माल गेला, गाडी गेली. उरल्या त्या इमारती. त्या तरी आपल्या कामी याव्यात.

कंपनीच्या कामाने बर्लिनला गेलो होतो. तिथलं हँबर्गर बानहोफ हे १८४६ चं स्टेशन १८८४ मध्येच बंद झालं. १९९६ पासून तिथे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. ते मोठ्या देशाचं, मोठ्या पैशाचं काम. आपल्याला तेवढं नको. दोन खोल्या, वीज, पाणी, स्वच्छतागृह आणि फलाटाचं छप्पर एवढं पुरे.

आपल्या भागात कला कमी नाही. मंगरुळपीरच्या उर्सात कव्वाली रंगते, गावोगावी भजनी मंडळं आहेत. पण कव्वाली दर्ग्यात, भजन मंदिरात. जिथे दोन्हींचे ऐकणारे एका सतरंजीवर बसतील अशी जागा कुठे आहे? मुलांना निदान चहाची टपरी आहे. कविता लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या मुलीने कुठे जायचं?

इथे आपल्यालाही एक प्रश्न विचारायला हवा. निवडणूक आली की आपण मोहल्ल्यासाठी शादीखाना मागतो, कब्रस्तानची भिंत मागतो. ते गरजेचंच आहे. पण सगळ्या गावासाठी काही मागायला आपण कधी पुढे होतो का? सोलापुरात १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्या पिढीने मराठी आपली आहे हे ठणकावून सांगितलं. गावातली सार्वजनिक जागाही तितकीच आपली आहे.

कोणी म्हणेल, उद्या ब्रॉडगेज आली तर? आनंदच आहे. पण नव्या गाडीला नवा फलाट लागेल. त्यासाठी जुनी इमारत पाडायलाच हवी असं नाही. कोणी म्हणेल, ताबा कोणाचा? नगर परिषदेने ती भाड्याने घ्यावी, समितीत सर्व समाजांचे लोक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि हिशेब दारावर लावावा.

समृद्धी महामार्गाने शेलूबाजार मुंबई-नागपूरला जोडलं. गाड्या सुसाट जातात, थांबत मात्र नाहीत. माणसांनी थांबावं अशी एक जागा आपण मागू या. पहिला अर्ज मी लिहून ठेवलाय. सह्या हव्या आहेत, आणि त्या एकाच मोहल्ल्यातल्या नकोत.