औषधं सुरू आहेत, मग कामात लक्ष का लागत नाही?

घरातल्या एखाद्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं की पहिले काही महिने धावपळीतच जातात. डॉक्टर, गोळ्या, रात्रीची जागरणं. हळूहळू औषधं लागू पडतात. कानात येणारे आवाज कमी होतात, शेजारी आपल्या वाईटावर आहेत हा संशय ओसरतो, झोप लागू लागते. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात.

आणि मग वेगळ्याच तक्रारी सुरू होतात. दुकानातून चार वस्तू आणायला सांगितल्या तर दोनच येतात. गॅसवर दूध ठेवलंय हे लक्षात राहत नाही. चार पाहुणे एकदम बोलायला लागले की त्याला बोलण्याचा धागाच सापडत नाही, मग तो उठून खोलीत जातो. आंघोळ, नाश्ता आणि बसची वेळ यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, “आता बरा झालायस ना, मग हातपाय हलव की जरा!”

तुमच्या घरात कुणाला हे वाक्य ऐकावं लागत असेल, तर पुढचं जरूर वाचा.

आवाज गेले, तरी काय उरतं?

स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपल्याला भास आणि भ्रम आठवतात. काही जणांमध्ये उत्साह आटतो, चेहऱ्यावर भावना दिसत नाहीत, हेही आपण ऐकलेलं असतं. पण या आजाराचा आणखी एक भाग आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लक्ष टिकवणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं, पटकन विचार करणं आणि कामाचा क्रम ठरवणं या गोष्टी अवघड होतात. बहुतेक रुग्णांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात असतो. अनेकदा तो पहिला भास होण्याच्या आधीच सुरू झालेला असतो.

औषधांचा भासांवर आणि भ्रमांवर चांगला परिणाम होतो, या त्रासावर मात्र फारसा होत नाही. म्हणून गोळ्या नियमित घेणारा मुलगाही कॉलेजात मागे पडतो आणि शांत झालेल्या मुलीचीही नोकरी टिकत नाही. तो आळस नसतो आणि बुद्धी कमी झाली असंही नसतं. आजाराचा हा भाग अजून उपचारांविना राहिलेला असतो.

मनाची तालीम म्हणजे काय?

या त्रासासाठी एक प्रशिक्षण आहे, त्याला ‘कॉग्निटिव्ह रेमेडिएशन थेरपी’ म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर ही विचारशक्तीची तालीम आहे. साधारणपणे आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने ती चालते. सराव कॉम्प्युटरवर किंवा नुसत्या कागद-पेन्सिलीवरही होतो. उताऱ्यातलं एकच अक्षर शोधून खोडायचं, यादी ऐकून पुन्हा सांगायची, दिवसाची कामं क्रमाने लावायची. सुरुवात अगदी सोप्यापासून होते आणि जमत गेलं की पायरी वाढते.

यात खरं महत्त्व थेरपिस्टचं असतं. तो युक्त्या शिकवतो. उदाहरणार्थ, बारा वस्तूंची यादी लक्षात राहत नसेल तर भाजी, किराणा आणि औषधं असे तीन गट करायचे. काम करताना पुढची पायरी स्वतःशीच मोठ्याने म्हणायची. मग हीच युक्ती बाजारात, बसमध्ये, ऑफिसात कशी वापरायची, याचाही सराव होतो.

खरंच फरक पडतो का?

पडतो. २०२१ मध्ये ‘जामा सायकिअट्री’ या नियतकालिकात १३० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ८,८५१ जण सहभागी होते. विचारक्षमता आणि रोजचे व्यवहार या दोन्हींत सुधारणा दिसली. ती लहान ते मध्यम स्वरूपाची होती, म्हणजे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. प्रशिक्षित थेरपिस्ट, भरपूर सराव, युक्त्या शिकणं आणि इतर पुनर्वसनाची जोड, या चार गोष्टींमुळे फायदा वाढतो. त्यामुळे मोबाइलवर एखादा ‘ब्रेन गेम’ टाकून दिला आणि झालं, असं होत नाही. विशेष म्हणजे ज्यांचं शिक्षण कमी झालंय आणि लक्षणं जास्त आहेत, त्यांनाही याचा चांगला उपयोग होतो. “आमच्या मुलाला हे कुठे जमणार?” असं आधीच ठरवू नका.

आपल्या देशातही यावर काम झालंय. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या तज्ज्ञांनी आजाराचा पहिलाच झटका आलेल्या रुग्णांसाठी घरी करायचा दोन महिन्यांचा सराव तयार केला. त्याचे आशादायक निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष टिकवण्यासाठी मिसळलेली धान्यं वेगळी करण्यासारखा सरावही तिथे वापरला गेलाय. धान्य निवडणं तर आपल्या घरात कुणालाही नवीन नाही!

घरी तुम्ही काय करू शकता?

• एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि “काय आणायचंय, सांग बरं?” असं विचारून खात्री करा. सूर परीक्षेचा नको.

• “स्वयंपाकघर आवर” हे एक काम नाही, पाच कामं आहेत. ती वेगवेगळी करून लिहून द्या. झालं की टिक करायची.

• मोबाइलचा अलार्म, भिंतीवरचा फळा, वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी यांची मदत घ्या. चष्मा, किल्ली, पाकीट यांची जागा ठरवून टाका.

• महत्त्वाचं बोलताना टीव्ही बंद ठेवा. उत्तराला वेळ लागला तर वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

• रोज भरभर चालायला सोबत घेऊन जा. नियमित व्यायामाने विचारशक्तीलाही मदत होते.

• हात थरथरणं, अंग आखडणं यासाठी दिलेल्या काही गोळ्यांमुळे स्मरणशक्ती मंदावू शकते. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका.

• सगळी कामं तुम्हीच उरकून टाकू नका. चहा करायला वीस मिनिटं लागली तरी तो त्याला किंवा तिलाच करू द्या.

कुठे विचारायचं?

पुढच्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा, “लक्ष आणि स्मरणशक्तीसाठी काही प्रशिक्षण आहे का?” ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवू शकतात. जाताना आठवडाभरात नेमकं काय अडलं, ते लिहून न्या. “लक्ष लागत नाही” यापेक्षा “दोन पानं वाचली की थांबतो” हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं. मोठ्या मनोरुग्णालयांचे पुनर्वसन विभाग, चेन्नईत १९८४ पासून काम करणारी ‘स्कार्फ’ आणि पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ अशा संस्थांकडेही चौकशी करता येईल. गावात काहीच सोय नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ या १४४१६ क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो असं घरातलं कुणी बोललं तर वाट न पाहता लगेच मदत घ्या.

आणि थेरपीची तारीख मिळेपर्यंत एक गोष्ट आजच सुरू करता येईल. त्याला रोज अडणारं एकच छोटं काम दोघांनी मिळून निवडा, त्याच्या पायऱ्या कागदावर लिहा आणि तो कागद त्याला सहज दिसेल अशा ठिकाणी चिकटवा. पहिले काही दिवस तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.