आपला प्रश्न, आपला प्रोजेक्ट

दुसरे सत्र निम्मे सरले की सातारा, कराड, सांगली, मिरजेत कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांचा हंगाम सुरू होतो. विषय सांगायचा, पाने किती हवीत ते सांगायचे, पैसे मोजायचे. दोन दिवसांत बाइंडिंग केलेली फाइल हातात पडते. पहिल्या पानावर नाव आपले असते. आतला मजकूर कुठून आला हे दुकानदारालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही. आता तर दुकानापर्यंतही जावे लागत नाही. मोबाइलवर एक वाक्य टाइप केले की चाळीस पाने तयार होतात.

तरुण वाचकहो, या वेळचे संपादकीय त्या फाइलविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही.

चिकित्सक आणि सर्जनशील विचार कसा करावा, हे शिकवणारा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने चालवला. आपल्याकडे त्या नावाची पाटी विभागाच्या दारावर दिसत नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या रचनेत जे बदल झाले, ते नीट पाहा. पहिल्या वर्षात संशोधन पद्धती हा चार श्रेयांकांचा विषय आहे. त्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. दुसऱ्या वर्षात स्वतःचा संशोधन प्रकल्प आहे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिका किंवा साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात, प्रश्न विचारण्यासाठी मार्क मिळण्याची सोय आता झालेली आहे. लहानपणापासून ज्यांना 'जादा सवाल करू नको' असे ऐकवले गेले, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. ती संधी आपण झेरॉक्सच्या दुकानात विकतो आहोत.

यात काय पणाला लागले आहे, ते सातारा जिल्ह्याला सांगावे लागू नये. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह पोस्टचे निमित्त झाले, जमाव मशिदीवर चालून गेला आणि आपला एक तरुण जिवाला मुकला. जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. पोस्ट खरेच कुणी टाकली, अकाउंट कुणाच्या हातात होते, हे विचारायला जमावाला वेळ नव्हता. गुन्हा करणाऱ्यांचा हिशेब न्यायालयाने करायचा आहे. पण आपणही स्वतःला एक विचारले पाहिजे. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर जे येते, ते पुढे ढकलण्यापूर्वी आपण तरी कधी विचारतो का, की हे कुणी पाहिले, कधीचे आहे, कुठले आहे?

ही सवय आपल्याला परकी नाही. हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक कथनाची सनद तपासली. कुणी कुणाकडून ऐकले, तो माणूस विश्वासाचा होता का, दोघांची भेट होणे शक्य तरी होते का, हे पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. बातमी आली तर आधी खातरजमा करा, हे सूरह हुजुरातमध्ये सांगितलेले आहे. फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजला सनद नसते, हे आपल्या अब्बांना आणि खालांना आपणच समजावून सांगायला हवे.

आणि ही मातीही प्रश्न विचारणाऱ्यांची आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण याच खटाव तालुक्यात आहे, सावित्रीबाईंचे नायगाव खंडाळा तालुक्यात. कर्मवीर भाऊरावांनी सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसवून साताऱ्यात वसतिगृह चालवले, 'कमवा आणि शिका' ही रीत घालून दिली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले. त्यांनी मुलाचे नाव हमीद ठेवले, ते हमीद दलवाईंवरून. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. दलवाईंनी १९७० साली मंडळ काढताना फुल्यांचाच 'सत्यशोधक' हा शब्द घेतला. त्याआधी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर गेल्या होत्या. संख्या सातच होती, प्रश्न मात्र पक्का होता.

चिकित्सा म्हणजे नुसती मोडतोड, असा एक गैरसमज आहे. मिरजेच्या शिकलगारांकडे पाहा. शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर. लढाया सरल्या, धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी भोपळा, लाकूड आणि तारा हाताशी घेतल्या आणि तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आहे ती परिस्थिती नीट पाहणे आणि आपल्या हातच्या कसबातून नवे काही काढणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. पदवीच्या नावात 'चिकित्सक' आणि 'सर्जनशील' हे शब्द जोडीने का येतात, ते इथे कळते.

तेव्हा विषय दूर शोधू नका. सतार करणाऱ्या घरांतली पुढची पिढी याच धंद्यात राहते का, मानांकनाचा पैसा कारागिराच्या हातात किती पडतो? कडेगावचे ताबूत उचलणाऱ्यांत कोण कोण असते आणि ती वाटणी कशी ठरली? गोटखिंडीत मशिदीत गणपती बसवण्याचे ज्या पिढीने ठरवले, ती माणसे आज काय सांगतात? आपल्या गल्लीत बारावीनंतर किती मुली शिकतात, ज्या थांबल्या त्या कशामुळे थांबल्या? निकाहनाम्यात मेहरची रक्कम किती लिहिली जाते आणि प्रत्यक्ष किती मिळते? बागवान, अत्तार, शिकलगार, तांबोळी घरांपैकी किती जणांकडे ओबीसीचा दाखला आहे, ज्यांच्याकडे नाही त्यांचे कुठल्या कागदावाचून अडले? पन्नास घरे फिरलात तरी जे हाती लागेल, ते कुठल्याही झेरॉक्स दुकानात मिळणार नाही. एक पथ्य मात्र पाळा. लोकांची परवानगी घ्या, नावे लपवा आणि उत्तर आपल्या मनासारखे आले नाही तरी तसेच लिहा. समाजाची अडचण होईल म्हणून आकडा झाकला, तर ते संशोधन राहत नाही.

अशा आकड्यांना किंमत असते. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये महमूदुर्रहमान समितीने महाराष्ट्रातल्या मुसलमानांची स्थिती राज्यासमोर ठेवली. २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्यातला शिक्षणाचा भाग मुंबई उच्च न्यायालयाने त्या वेळी रोखला नाही. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही, हे दुःख आहेच. पण तिथपर्यंत मजल गेली ती घोषणांच्या बळावर नव्हे, घरोघर फिरून गोळा केलेल्या माहितीच्या बळावर.

पुढच्या वाटाही लक्षात ठेवा. मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, त्यामुळे नेटची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप आता अधिक महत्त्वाची आहे. तिचे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वयाची अट ३० वर्षांची आहे, मुलींना आणि ओबीसी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. नेटच्या पहिल्या पेपरात तर्क, संशोधन वृत्ती आणि उताऱ्याचे आकलन यांवर प्रश्न असतात. प्रकल्प स्वतः केलेल्या विद्यार्थ्याची त्याची निम्मी तयारी झालेली असते. राज्याची सेट परीक्षा मराठीतूनही देता येते. अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था काढण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला आहे. तिच्या योजनांवर लक्ष ठेवा आणि विलंब होईल तिथे जाब विचारा.

मागे एका वाचक मुलीने आपला प्रकल्प आम्हाला वाचायला दिला होता. तीस पानेच होती, टायपिंगच्या चुका होत्या, आलेख हाताने काढलेले होते. पण तिने स्वतःच्या मोहल्ल्यातल्या बायकांना विचारले होते, की घरच्या शिलाईकामाचे तासाला किती पडतात. कुणी आजवर तो हिशेबच केला नव्हता. तिच्या अम्मीनेही नाही. तो आकडा पाहून अम्मी बराच वेळ गप्प बसली, असे तिने सांगितले.

या सत्रात तुमचा प्रश्न कोणता आहे, तो एका वाक्यात लिहून आमच्याकडे पाठवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जमेल तसे लिहा. चांगले प्रश्न आम्ही छापू आणि पुढच्या वर्षी त्यांची उत्तरेही मागू.