चौकात काय उभारावे, हे कोणी ठरवावे?

चौक मोकळा दिसला की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : पुतळा कोणाचा? शिल्प कसे असावे, ते कोणी निवडावे, रोज तेथून जाणाऱ्या माणसाला त्यात आपले काही सापडेल काय, हे प्रश्न अनावरण उरकले तरी कोणाला सुचत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवछत्रपतींच्या आणि पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. एक मोगलांशी झुंजला, दुसरा इंग्रजांशी. पुतळे वीरांचे, भांडण मात्र आमच्या भाषांचे! मराठी आणि कन्नड विभाग एकाच अंकात वाचणाऱ्या आपण तरी यावर विचार करावयास हवा.

मी मूळचा बऱ्हाणपूरचा. तापीकाठचे हे यंत्रमागांचे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले. बाजारात हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती अशा चारही भाषा कानी पडतात. तेथील जामा मशीद आदिलशहा फारुकीने बांधविली. तिच्या भिंतीवर अरबी लेखासोबत संवत १६४६ चा, म्हणजे इ. स. १५९० चा, संस्कृत शिलालेख आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे आणि पंचांगाप्रमाणे काळ नोंदविला आहे. राजाच्या मनात काय होते ते राजा जाणे. पण मशिदीच्या भिंतीवर दुसऱ्या परंपरेच्या भाषेला जागा मिळाली, ही गोष्ट दगडात टिकून आहे. राष्ट्र म्हणजे काय, हे मला कित्येक भाषणांपेक्षा त्या भिंतीने अधिक सांगितले.

मग आज त्याच गावाच्या चौकात काही उभारावयाचे झाले तर? माझ्या मते विषय लोकांनी सुचवावा आणि कलाकृती जाणकारांनी निवडावी. विणकर, व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी यांच्या सभा मोहल्ल्यामोहल्ल्यांतून घ्याव्यात. नंतर खुली स्पर्धा ठेवावी आणि आराखड्यांवर नाव न घालता क्रमांक घालावा. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासाठी १९८१ साली अशाच स्पर्धेत १४२१ आराखडे आले आणि निवड झाली ती माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. नावे झाकली नसती तर तिला कोणी विचारले असते? काळ्या दगडाच्या तिच्या भिंतीवर घोडा नाही, तलवार नाही; ५८ हजारांवर मृत सैनिकांची नावे आहेत. प्रारंभी तिच्यावर कडाडून टीका झाली. पुढे लोक तेथे येऊन आपल्या माणसाच्या नावावरून हात फिरवू लागले.

कोणी म्हणेल, लोकांना विचारीत बसले की गुळमुळीत काहीतरी पदरात पडते. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मतदानाने शिल्प निवडू नये. मात्र निवडलेल्या चार-पाच प्रतिकृती महिनाभर नगरपालिकेच्या सभागृहात मांडाव्यात, लोकांचे म्हणणे ऐकावे आणि परीक्षकांनी आपल्या निर्णयाची कारणे जाहीर करावीत.

दुसरा गैरसमज उंचीचा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. कलेतील महत्त्वाकांक्षा फुटांत मोजता येत नाही. ती कल्पनेत असावी लागते. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या राम सुतारांनी गांधीसागर धरणावर ४५ फुटी चंबळमाता घडविली. तिच्याजवळची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. ती उंच आहे खरी, पण लक्षात राहते ती एका नदीची दोन लेकरे ही कल्पना. कृष्णेच्या पाण्यावरून भांडणाऱ्या आपणा सर्वांना अशी एखादी माता का सुचू नये?

बऱ्हाणपुरासाठी मला विचाराल तर मी कुंडी भंडाऱ्याचे नाव सुचवीन. १६१५ च्या सुमारास सातपुड्याचे पाणी भूमिगत बोगद्यातून, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, केवळ उताराच्या बळावर गावात आणले गेले. ते पाणी पिणाऱ्याला कोणी भाषा विचारली नाही. त्यावरून कोणता शिल्पकार काय घडवील, हे मी सांगणार नाही. ते त्याचे काम. पण ही स्पर्धा होण्याआधी चौथरा बांधू नये, एवढा आग्रह मी जरूर धरीन.