भाडेपट्ट्याची मोटार आणि दंडाची पावती

बेळगावची बाजारपेठ गोमंतकीयाला वा सावंतवाडीकराला कधीच परकी वाटली नाही. लग्नाचा बस्ता असो की इस्पितळातले रुग्णाईत नातलग, चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट चढून आमची माणसे तेथे जातातच. देवगडकडून फोंडा घाटाने निपाणी गाठणारेही थोडे नाहीत. पण गणपत गल्ली किंवा खडे बाजारात मोटार उभी करावयास जागा शोधणे हा आता खरेदीहून मोठा उद्योग होऊन बसला आहे. साहजिकच ती खाजगी आवारात किंवा ठेकेदाराच्या वाहनतळावर ठेवावी लागते. पावती हरवली वा वेळ उलटून गेली की तिथला माणूस तोंडाला येईल तो दंड सांगतो आणि परमुलखात वाद नको म्हणून गृहस्थ तो मुकाट्याने भरून मोकळा होतो.

हा दंड घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? पोलिसांचे चलान ही निराळी बाब. त्यामागे कायदा उभा असतो. खाजगी वाहनतळाचा दंड हा केवळ कराराचा विषय आहे, आणि १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की, करारात कितीही रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळेल. फलकच नसेल तर करार तरी कशाचा झाला?

मोटार भाडेपट्ट्याची असेल तर गुंता आणखी वाढतो. नोकरदार वर्गात अशा मोटारी आता सर्रास दिसतात. नोंदणी दूरच्या शहरातील कंपनीच्या नावे, वापरणारा मात्र पणजीत वा कुडाळात. फास्टॅगमधून परस्पर पैसे कापले गेले किंवा मागणीचा कागद कंपनीकडे गेला, तर कंपनीने तो भरून टाकावा आणि रक्कम हप्त्यात चढवावी, हा सोपा मार्ग झाला. ज्याने मोटार उभी केली त्याला आपली बाजू मांडण्याची संधीच मिळत नाही. वास्तविक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, त्या कायद्यापुरता का होईना, भाडेपट्ट्याने वाहन ताब्यात असलेल्यालाच 'मालक' मानले आहे. मग त्याला विचारल्यावाचून त्याच्या खिशात हात घालणे कोणत्या न्यायात बसते?

इंग्लंडमध्ये खाजगी वाहनतळांचा जाच आपल्याहून जुना. तेथे २०१२ च्या कायद्याने भाड्याने वाहन देणाऱ्या कंपनीला मार्ग घालून दिला आहे: नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत भाडेकराराची प्रत व भाडेकऱ्याने जबाबदारी मान्य केल्याचा लेख वाहनतळवाल्याला द्यावा आणि आपण मोकळे व्हावे. पुढचा वाद त्या भाडेकऱ्याशी. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांची अशी आकारणी वैध ठरविली हे खरे. पण तेथील फलक मोठे, ठळक आणि जागोजागी लावलेले होते, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले.

फलकाच्या मुद्द्यापाशी आपण पुन्हा बेळगावात येतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. दोन ओळींच्या दरपत्रकाने तोवर का थांबावे? ज्या ग्राहकाच्या पैशावर बाजार चालतो त्याला कळेल अशा मराठीतही दर, दंड आणि तक्रारीचा पत्ता कन्नडबरोबर लिहिण्याने कोणाची अस्मिता बुडत नाही.

तोपर्यंत वाहनधारकाने पावती आणि फलकाचे छायाचित्र जपून ठेवावे, आणि आपल्याला कळविल्याखेरीज कोणताही खाजगी दंड भरू नये असे कंपनीला आधीच लेखी बजावावे. वाहनतळ पालिकेच्या ठेक्याचा असेल तर तक्रार पालिकेकडे मराठीतच करावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. (उत्तरही त्याच भाषेत येईल, असे मात्र ते कलम म्हणत नाही!) एवढ्यावर भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. शंभर-दोनशे रुपयांसाठी घाट पुन्हा चढण्याची गरज नाही.

बेळगावच्या महानगरपालिकेने आणि निपाणीच्या नगरपालिकेने ठेक्यांचे पुढील लिलाव काढताना दोन भाषांतील फलकाची अट करारातच घालावी. तिच्यासाठी बंगळूरची परवानगी लागावी असे आम्हांस वाटत नाही.