समतेचें वचन आणि जातीची वहिवाट

पुदुचेरींतील एका स्त्रीनें अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठीं केलेला दावा सर्वोच्च न्यायालयानें २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं फेटाळून लावला. तिचा लहानपणींच बाप्तिस्मा झालेला व ती नियमानें चर्चमध्यें उपासनेस जाणारी. तेव्हां केवळ नोकरींतील राखीव जागेसाठीं स्वतःस हिंदु म्हणवणें ही राज्यघटनेची प्रतारणा होय, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें. चालू कायद्याप्रमाणें असाच निकाल लागावयाचा होता. त्याबद्दल आमची न्यायालयाशीं तक्रार नाहीं. परंतु ज्या कायद्यामुळें असे प्रसंग उद्भवतात, त्याच्या समर्थनार्थ एक गोष्ट नेहमीं गृहीत धरण्यांत येते. ती अशी कीं, ख्रिस्ती व इस्लाम हे समतेचे धर्म असल्यामुळें त्यांच्या उंबरठ्यावरच मनुष्याची जात गळून पडते. हें कितपत खरें आहे, याचा आज आम्ही विचार करणार आहों.

वचनापुरतें पाहिल्यास या दोन्हीं धर्मांचा पक्ष बळकट आहे, हें प्रथम मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. वंश, दास्य व लिंग यांवरून मानलेले भेद ख्रिस्ताच्या ठायीं उरत नाहींत, असा सिद्धांत पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत मांडला आहे. इ. स. ६३२ मधील अखेरच्या हजच्या वेळीं पैगंबरसाहेबांनीं जन्मावरून मानलेलें श्रेष्ठत्व नाकारलें, अशी परंपरा आहे. आणि गुलामगिरींतून मुक्त झालेल्या बिलाल या हबशास बांग देण्याचा पहिला मान मिळाला.

पण वचन निराळें व वहिवाट निराळी. हुंडी कितीही सुरेख अक्षरांत लिहिलेली असो, ती पटते कीं नाहीं हें पेढीवर गेल्याखेरीज कळत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. गुलामगिरीच्या प्रश्नावर दोन्हीं पेढ्यांवरून ही हुंडी शेंकडों वर्षें परत आली. अमेरिकेंतील दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट १८४५ सालीं याच प्रश्नावरून वेगळे निघाले, आणि त्यांनीं त्याबद्दल क्षमा मागण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. सौदी अरबस्तानांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १९६२ सालीं. तिच्याविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स हेही ख्रिस्तीच होते, हें खरें. परंतु त्यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, धर्मवचन आपोआप फळास येत नाहीं. त्यासाठीं स्वधर्मीयांशींच भांडणारीं माणसें लागतात.

आपल्या देशांत या धर्मांची गांठ जातीशीं पडली व बहुधा जातच वरचढ ठरली. १६०६ सालीं मदुरेस आलेल्या रॉबर्टो डी नोबिली या जेझुइट पाद्र्यानें उच्चवर्णीयांस वळविण्यासाठीं संन्याशाचा वेष घेतला, आणि १६२३ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं नवख्रिस्त्यांस जानवें व शेंडी ठेवण्याची मोकळीक दिली. १८३३ सालीं बिशप डॅनियल विल्सन यांनीं दक्षिणेंतील मंडळ्यांत जातिभेद निखालस सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हां अनेकांनीं जातीऐवजीं चर्चच सोडलें! गोमंतकांत चार शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती असलेल्या समाजांतही बामण, चारडे व सुदीर हे भेद टिकून राहिले. तिरुचिरापल्ली येथील एका ख्रिस्ती दफनभूमींत दलितांचीं थडगीं भिंत घालून वेगळीं ठेवण्यांत आलीं. मुसलमानांत चौदाव्या शतकांतील इतिहासकार जियाउद्दीन बरनी यानें हलक्या कुळांतील लोकांस विद्या देऊं नये असें प्रतिपादन केलें. आणि अशराफ, अजलाफ व अरजल ही उतरंड बंगालच्या १९०१ च्या खानेसुमारींत नोंदलेली आहे. नमाजाची रांग एक, पण सोयरीक निराळी! भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें २०१६ सालीं आपल्या चर्चमध्यें अस्पृश्यता पाळली जाते हें स्वतःच कबूल केलें.

जें बिशप कबूल करतात, तें कायदा मात्र मानीत नाहीं. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस मिळाला, हें योग्यच झालें. पण शीख व बौद्ध धर्म तरी जात कोठें मानतात? धर्म बदलला तरी वस्ती, धंदा व शेजाऱ्याची नजर बदलत नाहीं, हें तत्त्व त्यांच्याबाबत मान्य केल्यावर, मैला उपसणाऱ्या मुसलमानास किंवा अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील महार-मांग ख्रिस्त्यास तें लागू नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें? रंगनाथ मिश्र आयोगानें २००७ सालीं हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. तरी २०२२ सालीं पुन्हां के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं नवा आयोग नेमण्यांत आला. मध्यंतरीं गरीब मनुष्य कागदावर एक धर्म व घरीं दुसरा ठेवून दिवस काढतो. ज्यास कायदाच खोटें बोलावयास लावतो, त्यास प्रतारक म्हणून काय मिळविलें?

यावर एक आक्षेप असा कीं, यामुळें धर्मांतरास उत्तेजन मिळेल. आमच्या मतें आजच सवलत धर्मास बांधलेली असल्यामुळें राज्य एका बाजूस आमिष दाखवीत आहे. ती प्रत्यक्ष जाचास बांधली म्हणजे धर्म ज्याच्या त्याच्या विवेकावर राहील. अनुसूचित जमातींच्या बाबतींत धर्म पाहिला जात नाहीं, तोच न्याय येथें लावावा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आज ज्या दलितांस हा वांटा मिळतो, त्यांच्या ताटांत वांटेकरी वाढतील, ही भीति खोटी नाहीं. म्हणून नव्या लोकांचा हिस्सा त्यांच्या संख्येच्या मानानें निराळा ठरवून वाढवून द्यावा. एका गरिबाचा घांस काढून दुसऱ्यास भरविणें ही समता नव्हे.

मात्र सरकारकडे बोट दाखविणाऱ्या पाद्री व मौलवींनींही आपलें घर झाडलें पाहिजे. 'आमच्यांत जात नाहीं' असें व्यासपीठावरून सांगावयाचें आणि लग्न व दफन जात पाहून करावयाचें, हें त्यांच्याच धर्मवचनास लांछन आहे. आणि आमच्या हिंदु वाचकांनींही परधर्मांतील जात पाहून समाधान मानूं नये. ती त्यांच्याकडे आपल्याच घरून गेलेली आहे. समतेची हुंडी सर्वांनींच लिहून दिली आहे. ती घेऊन दारोदार फिरणाऱ्यास 'ती तर केव्हांच पटली' असें सांगून परत पाठविणें, हें कोणत्याही पेढीस शोभत नाहीं. राज्याच्या पेढीस तर मुळींच नाहीं.